सेंटर हाफ: खेळाडू मागे गेला, नाव जागेवरच राहिलं

पडद्यावर फुटबॉलमधली जुन्या काळची संघरचना आहे. सगळ्यात मागे गोलरक्षक. त्याच्या पुढे दोघे फुलबॅक, मग तीन हाफबॅक, आणि आघाडीला तब्बल पाच जण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रुळलेली ही २-३-५ ची मांडणी. जर्सीवरचे क्रमांक बरेच नंतर आले, पण ओळखायला सोपं जावं म्हणून ते आम्ही इथे दाखवले आहेत. गोलरक्षक १, फुलबॅक २ आणि ३, हाफबॅक ४, ५ आणि ६. यातला मधला, ५ क्रमांकाचा, तो सेंटर हाफ.

म्हणजे मुळात हा मध्यरक्षक (मिडफिल्डर) होता. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घ्यायचा, बगलेवरच्या विंगरला लांब पास द्यायचा, हल्ला पुढे सरकला की पाठोपाठ जायचं आणि चेंडू हातचा गेला की परत फिरायचं. संघातली सगळ्यात जास्त धावपळ त्याच्या वाट्याला यायची. आज मात्र इंग्लिश समालोचक ‘सेंटर हाफ’ म्हणतो तेव्हा तो गोलसमोर ठाण मांडलेल्या बचावपटूबद्दल बोलत असतो.

हा बदल घडवला ऑफसाइडच्या नियमाने.

१९२५ पर्यंत नियम असा होता: पास सुटण्याच्या क्षणी चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन जण हवेत. गोलरक्षक धरून तीन. नाहीतर तो ऑफसाइड. याचा फायदा दोन फुलबॅकनी बरोबर उचलला. एकाने झटकन पुढे सरकायचं, दुसऱ्याने मागे थांबायचं. पुढच्याला ओलांडून उभ्या असलेल्या आघाडीवीरासमोर मग एक फुलबॅक आणि गोलरक्षक असे दोघेच उरत. शिट्टी वाजे, हल्ला संपे. आणि अंदाज चुकला तरी मागचा फुलबॅक होताच. न्यूकॅसल संघाचा फुलबॅक बिल मॅकक्रॅकन या सापळ्यासाठी इतका प्रसिद्ध होता, की नियमबदलाची गोष्ट त्याच्या नावाशिवाय सांगितली जात नाही. सामने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात घुसमटू लागले होते.

१९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन झाले. आता सापळा फसला, तर पुढे फक्त गोलरक्षक. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ४,७०० गोल झाले होते. पुढच्याच हंगामात, तितक्याच सामन्यांत, ६,३७३.

३ ऑक्टोबर १९२५ रोजी व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांचा आर्सेनल संघ न्यूकॅसलकडून ०-७ असा हरला. त्या सामन्यात न्यूकॅसलचा सेंटर हाफ चार्ली स्पेन्सर बराच मागे थांबून खेळला होता. आर्सेनलचा कर्णधार चार्ली बुकन आपल्याही सेंटर हाफला मागे ओढा, असा आग्रह धरून बसला. चॅपमन यांनी ते मानलं, आणि दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० ने हरवलं. कल्पना एकट्या आर्सेनलची नव्हे, हे स्पेन्सरवरूनच दिसतं. पण तिची पद्धतशीर घडी बसवली ती चॅपमन यांनी. पुढे हर्बी रॉबर्ट्स हा त्यांचा कायमचा ‘स्टॉपर’ झाला. त्याचं काम एकच: समोरच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीतल्या मधल्या खेळाडूला, सोडायचं नाही.

आता आराखडा पुन्हा पाहा. ५ क्रमांक दोन फुलबॅकच्या मधोमध घुसला, म्हणून ते दोघे बाहेर ढकलले गेले आणि विंगरवर पहारा देऊ लागले. फुलबॅक मैदानाच्या कडेला का खेळतो, याचं उत्तरही इथेच आहे.

या तिघांची हालचाल नीट समजून घेण्यासारखी आहे. चेंडू आपल्या उजव्या बगलेवर आला, की उजवा फुलबॅक विंगरच्या अंगावर जातो. सेंटर हाफ थोडा त्या बाजूला सरकतो, पण सेंटर फॉरवर्ड आणि गोल यांच्या मधली जागा सोडत नाही. डावा फुलबॅक आत येतो आणि सेंटर हाफच्याही मागे उतरतो. बचावाची रेघ तिरकी होते. चेंडू डावीकडे गेला, की हीच रेघ उलट्या बाजूने तिरकी.

गडबड होते तीही याच तिरकेपणामुळे. सर्वांत मागे उतरलेला फुलबॅक सगळ्या आघाडीवीरांना ऑनसाइड ठेवतो. चेंडू एका झटक्यात दुसऱ्या बगलेला फिरवला, तर त्याला आतून बाहेर लांब धाव घ्यावी लागते आणि तोवर विंगर मोकळा असतो. सेंटर हाफ स्वतःच बगलेकडे ओढला गेला, तर गोलसमोर कुणीच उरत नाही. ही चूक सर्वांत महाग. हेडरने चेंडू गोलसमोरून काढतानाही चूक महाग पडते. चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागावर कपाळ बसलं, की तो उंच आणि लांब जातो. वरच्या भागावर बसलं, की तो पुढ्यातच पडतो. आणि चेंडू लांब गेला तरी बाजूला जायला हवा. मध्यभागी काढलेला चेंडू बहुधा शॉट होऊन परततो.

सगळ्या देशांनी हे स्वीकारलं नाही. इटलीचे प्रशिक्षक वित्तोरिओ पोत्झो यांनी सेंटर हाफ मध्यरक्षणातच ठेवला. लुइस मोंती तिथे खेळला आणि इटलीने १९३४ चा विश्वचषक जिंकला. हाच मोंती १९३० च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून उतरला होता.

इंग्लंडच्या स्टॉपरची खरी कोंडी झाली २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर. हंगेरीचा ९ क्रमांकाचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी आघाडीवर थांबेचना, सारखा मागे उतरायचा. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन त्याच्यामागे गेला, तर गोलसमोर खिंडार. जागेवर थांबला, तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरी ६-३ ने जिंकली, त्यातले तीन गोल हिदेगकुटीचे. क्रमांकांनीही चकवलंच: हंगेरीचा ५ होता बोझिक, मध्यरक्षक, आणि बचावाच्या मध्यभागी उभ्या लोरांटच्या पाठीवर ३.

उपाय होता मधोमध दोघांना उभं करण्याचा. १९५८ ला ब्राझील चौघांच्या बचावफळीसह विश्वविजेता झाला आणि ती मांडणी जगभर पसरली. इंग्लंडमध्ये डावा हाफबॅक, म्हणजे ६ क्रमांक, मागे येऊन ५ च्या शेजारी उभा राहिला. संघात ‘दोन सेंटर हाफ’ आले. मूळ अर्थाने पाहिलं तर हे हास्यास्पदच, कारण तिघांतला मधला एकच असू शकतो. पण वापर रूढ झाला. आज ब्रिटिश बोलण्यात ‘सेंटर हाफ’ आणि ‘सेंटर बॅक’ यांत फरक उरलेला नाही.

जुने वृत्तान्त वाचताना मात्र साल आणि देश आधी बघावा. १९२५ पूर्वीचा सेंटर हाफ कुठलाही असो, तो मध्यरक्षक. १९३० च्या दशकातला इंग्लिश असेल तर बहुधा बचावपटू. इटलीचा किंवा अर्जेंटिनाचा असेल तर मध्यरक्षकच. अर्जेंटिनात अजूनही ५ क्रमांक मध्यरक्षकाचा असतो. तिथली पारंपरिक बचावफळी उजवीकडून डावीकडे वाचली, तर क्रमांक येतात ४, २, ६, ३. इंग्लंडमध्ये तीच येते २, ५, ६, ३.