नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही?

हा घर्रर्र आवाज ओळखला का? मे महिन्यात दुपारी नागपूरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहा, खिडकीखिडकीतून हाच येतो. कूलर. होळी झाली की बाहेर निघतो, बाजूच्या जुन्या गवताच्या ताट्या काढायच्या, नव्या लावायच्या, टाकी घासायची, पंप अडकला की दोन शिव्या घालायच्या, मग सगळा उन्हाळा घर त्याच्याच भरवशावर. बाहेर ४५ डिग्री आणि आत माणूस चादर ओढून झोपलेला.

आता हाच कूलर मुंबईत आणा. पंखा फिरतो, पाणीपण पडतं, पण गारवा येतो तो पाणी उडून गेलं की, आणि इथे हवाच एवढी दमट की पाणी उडून जाणार कुठे, उलट गादी चिकट, कपडे ओले. म्हणून मुंबईत पारा ३५ला असला तरी पत्र्याच्या खोलीत जीव नकोसा होतो. तिथे पत्र्यावर पांढरा रंग, समोरासमोर खिडक्या, असलं काहीतरी लागतं. आणि मुंबईची खरी भीती वेगळीच. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर! जोरदार पाऊस आणि भरती एकदम आली की नाल्यातलं पाणी समुद्र घेतच नाही, मग ते थांबणार कुठे? दादर-परळच्या सखल हिंदमाताला. म्हणून तर तिथल्या मैदानांखाली टाक्या बांधल्या, पाणी तिथे धरून ठेवायचं, ओहोटी लागली की सोडायचं.

लातूरला याच टाक्या बांधून काय करणार? तिथली हवा कोरडी, कूलर झकास चालेल, पण त्यात ओतायला पाणी? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत पाण्याच्या टाकीचे १० डबे, साधारण ५ लाख लिटर. त्याआधी पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावलेली, म्हणजे हंडा घेऊन घोळक्यानं उभं राहायची पण चोरी.

आणि आपल्याकडे कुठल्याही शहराचा हवामानबदलाचा प्लॅन काढा, झाडं, सोलर, ई-बस, तेच तेच. वाईट नाहीये काही, पण लातूरच्या माणसाला आधी पाइपातली गळती थांबवून हवी ना.

बरं, नागपूर म्हणजे फक्त ऊन असंही समजू नका. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट, काही तासांतच १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आणि कूलरवाल्या शहरात लोकांना बोटीतून काढावं लागलं.