पंखा फिरतोय, तरी गाडी तापतेय

[दृश्य: कसारा घाट, दुपारची वेळ. ट्रकची लांब रांग. कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एक जुनी गाडी.]

गाडी पळत असली की रेडिएटरच्या पंख्याला फारसं काम नसतं. ताशी पन्नास-साठच्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवायला पुरतो. पंखा लागतो तो गाडी थांबली की. सिग्नलला, टोलनाक्यावर, नाहीतर घाटात पुढे एखादा ट्रक बंद पडला आणि मागे रांग लागली की. त्यामुळे पंखा बिघडलाय हे कित्येक महिने कळतच नाही. हायवेला तापमानाचा काटा मधोमध असतो, गावात शिरलं की चढायला लागतो. हे लक्षण दिसलं की पहिला संशय पंख्यावर घ्यायचा. हायवेलाच काटा चढत असेल तर मात्र पंख्याला दोष देऊ नका. तिथे पाणी कमी असतं, रेडिएटर चोंदलेला असतो, इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट अडकलेला असतो, नाहीतर इंजिनाच्या वरच्या सांध्यातलं हेड गॅस्केट गेलेलं असतं.

[दृश्य: कोल्हापूर, उद्यमनगर. गल्लीतलं गॅरेज. पांढरी मारुती ८००, बॉनेट वर.]

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ही विजेची भानगड नव्हती. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू, विषय संपला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि ताकद पुढच्या चाकांना जायची. इंजिनाचा पट्टा आता बाजूला तोंड करून होता, रेडिएटर समोर. मग पंख्याला स्वतःची मोटर आली. मोटरबरोबर फ्यूज आला, तापमानावर चालणारा स्विच, म्हणजे थर्मोस्विच आला, वायरी जोडणारे कपलर आले आणि करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी अर्थची वायर आली. जानेवारी २०१४ मध्ये ८०० चं उत्पादन थांबलं, पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या वायरी मात्र म्हाताऱ्या झाल्यात.

या गाडीच्या मालकांनी आतापर्यंत कूलंट बदललंय. कुणाच्या तरी सांगण्यावरून थर्मोस्टॅट काढून टाकलाय. नवा थर्मोस्विच आणून ठेवलाय, तो डिकीत आहे, खोक्यासकट. आणि त्यांचं म्हणणं एकच.

"मिस्त्री, पंखा फिरतोय की ओ. मग गाडी का तापतीया?"

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. तो इलाज नाहीच. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दुखणं तिथंच राहतं. मिस्त्रींनी तो आधी मागून घेतला. मालकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडला.

[दृश्य: जवळून. वहीचा फाडलेला कागद रेडिएटरच्या जाळीसमोर.]

पहिली तपासणी कागदाची. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरायचा. पंखा रेडिएटरच्या मागे बसून समोरची हवा ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. कागद उलट उडाला तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात. नवी मोटर बसवताना ही गफलत होते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण तो हवा पुढे ढकलतोय आणि गाडी चालू लागली की समोरच्या वाऱ्याशी कुस्ती खेळतोय. इथे कागद चिकटला. पण सैलसर. बोटानं ढकलला की घसरून खाली पडला.

म्हणजे दिशा बरोबर, जोर कमी.

[दृश्य: बॅटरीपासून मोटरपर्यंत दोन जाड वायरी. एकीत फ्यूज.]

दुसरी तपासणी, मोटर थेट बॅटरीवर. कपलर काढला, फ्यूज घातलेल्या वायरनं मोटरला सरळ बॅटरीची दोन्ही टोकं दिली. पंख्याचा आवाज एकदम बदलला, कागद जाळीला घट्ट बसला. मोटर ठणठणीत आहे. ती अशी फिरली नसती तर पान्यानं पाठीवर हलकी टिचकी मारून बघायची. टिचकीनं फिरली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. आणि फिरताना घरघर करत असेल, फ्यूज वरचेवर उडवत असेल, तर मोटरचा दांडा धरणारे बुश गेलेत; जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. अशा वेळी मोठा फ्यूज घालणं किंवा फ्यूजला तार गुंडाळणं म्हणजे आग लागायची सोय करून ठेवणं.

मोटर चांगली आहे, मग जोर जातोय कुठे? इथून पुढचं काम मन लावून बघण्यासारखं आहे, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

[दृश्य: टेस्ट लॅम्पचा पिवळा उजेड, कपलरच्या तोंडाशी.]

टेस्ट लॅम्प लावला. दिवा झकास लागला. मालक म्हणाले, "बघा, करंट येतोय." येतोय, पण किती? टेस्ट लॅम्पमधला पाच वॅटचा दिवा अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. पंख्याची मोटर सहा-सात ओढते. वाटेत कुठे गंजलेला जोड असेल, समजा अर्ध्या ओहमचा अडथळा असेल, तर दिव्याच्या करंटला तो जाणवतही नाही, दोन दशांश व्होल्ट जातात आणि दिवा तसाच पिवळाधमक. पंखा लागला की त्याच जोडावर तीन व्होल्ट खर्च होतात. मल्टिमीटरचंही तेच. कपलर काढून, मोटर न जोडता मोजलं तर पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दिसणार. मीटर करंट ओढतच नाही, मग त्याला अडथळा कळणार कसा? अर्धा ओहम ओहमच्या रेंजवर मोजायला गेलात तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा जवळपास तेवढा असतो.

म्हणून मोजायचं ते पंखा फिरत असताना.

[दृश्य: मल्टिमीटरचा पडदा. मिस्त्रींचे हात, पंख्याच्या पात्यांपासून लांब.]

इंजिन चालू, पंखा चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ व्होल्ट. आता मोटरच्या दोन वायरींवर: ९.७. चार व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले गेले. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं मोटरच्या पॉझिटिव्हला: १ व्होल्ट. जुन्या गाडीला हे जास्तच आहे, पण गुन्हेगार हा नव्हे. आता एक टोक मोटरच्या निगेटिव्हला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. बॉडीवर नाही, टोकावरच.

३.१.

इथे दोन-तीन दशांशाच्या वर काही दिसता कामा नये. बिघाड अर्थमध्ये आहे. तीन व्होल्ट आणि सहा अँपिअर, म्हणजे एका स्क्रूखाली सुमारे अठरा वॅटची उष्णता. हात लावला तर चटका बसतो, आणि मिस्त्री मीटरच्या आधी बऱ्याचदा हातच लावून बघतात.

[दृश्य: अगदी जवळून. हेडलाइटच्या मागचा अर्थचा स्क्रू. वायरच्या टोकाच्या कडीवर, म्हणजे थिंबलवर, हिरवट चुरा, वायरचं आवरण काळं.]

ही वायर कंपनीची नाही. कधीतरी कुणीतरी या गाडीत जादा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला आणि मोटरची अर्थ जवळ दिसलेल्या स्क्रूला मारली. रंगाच्या वर. खाली पत्रा, वर रंग, वर थिंबल. सुरुवातीला स्क्रूच्या आट्यांतून भागलं. मग पावसाळे गेले. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेनं हेच लवकर होतं. वायर सोलली तर तांब्याचा लालसर रंग दिसला पाहिजे. इथे तारा आतपर्यंत काळ्या. तेवढा तुकडा कापून टाकायचा. नुसतं थिंबल घासून भागत नाही.

घासकागदानं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून बसवलं, स्क्रू आवळला आणि वरून ग्रीस. पॉझिटिव्ह बाजूचा फ्यूजचा सॉकेटही सैल होता, तो आवळला. पुन्हा मोजलं: अर्थला ०.१, मोटरवर १३.२.

[दृश्य: बाकावर मांडलेले रिले, थर्मोस्विच, फ्यूज.]

या गाडीत पंखा निदान फिरत तरी होता. अजिबातच फिरत नसेल तर वाट थोडी वेगळी. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी बघू नका, जागेवर ठेवून दोन्ही टोकांना करंट आहे का बघा. मग थर्मोस्विचचा कपलर काढून त्यातल्या दोन टोकांना वायरनं जोडायचं. एकच वायर असेल तर ती अर्थला लावायची. पंखा लागला तर पुढचं सगळं वायरिंग ठीक. पण स्विच लगेच फेकू नका. पाणी कमी असेल तर स्विचच्या तोंडाशी पाण्याऐवजी वाफ किंवा हवा असते, आणि त्याला तापमान नीट कळतच नाही. आणि हो, काट्याचा सेन्सर वेगळा, पंख्याचा स्विच वेगळा. काटा बरोबर दाखवतोय म्हणून स्विच चांगला असं होत नाही.

स्विच काढून उकळत्या पाण्यात तपासण्याची पद्धत आहे. त्यात एक गोम आहे. पंख्याचे स्विच साधारण नव्वद ते शंभर अंशांच्या दरम्यान लागतात, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला त्याहून कमी. शंभराचा स्विच असेल तर तो तिथे लागणारच नाही, आणि चांगला स्विच भंगारात जाईल. निम्मं कूलंट मिसळलं की उत्कलनबिंदू शंभराच्या वर जातो, थर्मामीटर लावून तपासता येतं. भांडं मात्र गॅरेजचंच वापरा. कूलंट विषारी असतं, त्यात वापरलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नको.

रिलेची टकटक ऐकू आली म्हणजे रिले चांगला, हाही एक गैरसमज. टकटक गुंडाळीची असते. आतले पॉइंट जळलेले असू शकतात. ३० नंबरच्या, बॅटरीकडून येणाऱ्या पिनवर करंट आहे, रिले लागलाय, आणि पंखा जोडलेला असताना पंख्याकडे जाणाऱ्या ८७ वर व्होल्ट पडतात, तर रिले बदला. उलटं झालं, पॉइंट चिकटले, तर पंखा बंदच होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाड्यांत स्विचऐवजी सेन्सर आणि कॉम्प्युटर आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की पंखा आपोआप लागतो. लागला तर रिले आणि मोटर दोन्ही संशयातून सुटले.

आणि "डायरेक्ट"? डॅशबोर्डवर बटण बसवून पंखा हातानं लावायचा? घाटातून घरी पोचण्यापुरतं ठीक. जाड वायर, फ्यूज आणि रिले नसेल तर तेवढंसुद्धा नको, आणि बटण दाबायला विसरण्याचा दिवस येतोच.

[दृश्य: गाडी जागेवर चालू. काचेतून दिसणारा काटा.]

थर्मोस्टॅट परत बसला. पाणी भरलं, हवा काढली. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू. रेडिएटरच्या झाकणाला आता कुणी हात लावायचा नाही. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं आणि झाकण सैल झालं की तोंडावर येतं. काटा चढला. पंखा लागला. काटा उतरला, पंखा थांबला. परत लागला, परत थांबला. दुसऱ्यांदा थांबेपर्यंत मिस्त्री किल्ली देत नाहीत.

बिलात एक थिंबल, हातभर वायर आणि मजुरी. मालकांनी डिकीतून थर्मोस्विचचं खोकं काढलं.

"हे दुकानदार परत घेईल काय?"

"इलेक्ट्रिकचा माल कोण परत घेतंय ओ? ठेवा गाडीतच."