‘अजून झालं नाही का?’

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘ओपन सोर्समध्ये निकोप आणि सौहार्दपूर्ण समुदाय कसे घडवावेत’ असं छापलंय. नाव भारदस्त आहे आणि ते मी दिलेलं नाही. माझं म्हणणं तीन शब्दांत मावतं: मेंटेनरला छळू नका. (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर, आणि मेंटेनर म्हणजे ते सांभाळणारा.) पण एवढंच बोलून खाली उतरलो तर संयोजकांनी इतक्या खुर्च्या मांडल्या त्याचं काय, म्हणून जरा सविस्तर बोलतो. शेवटी समुदाय कसे घडवावेत तेही सांगणार आहे. विसरलो तर आठवण करा.

आधी हात वर करा बघू. वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या तयार कोडमध्ये, बग सापडला म्हणून कुणाकुणी लिहिलंय? छान, जवळजवळ सगळ्यांनी. आता, काहीच बिघडलेलं नसताना ‘उत्तम चाललंय, आभारी आहे’ एवढंच कळवायला कुणी लिहिलंय? दोन हात. त्यातले एक माझे मित्र आहेत, मला बरं वाटावं म्हणून ते कशालाही हात वर करतात. (हशा)

ज्याचं चालतं तो गप्प बसतो, यात कुणाचा दोष नाही. पण त्यामुळे होतं असं की हजारो लोकांचं काम बिनबोभाट करून देणाऱ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये फक्त रडगाणी साठतात, आणि काही वर्षांनी त्याची खात्री पटते की जगातलं सगळ्यात भिकार सॉफ्टवेअर आपणच लिहिलंय.

मी स्वतः तारखा वाचणारी एक छोटीशी लायब्ररी सांभाळतो. तिच्यावर एकदा एका मोठ्या कंपनीतून इश्यू, म्हणजे जाहीर तक्रार, आला. नाव घेत नाही. मजकूर असा: आमचं रिलीज शुक्रवारी आहे, हा बग गुरुवारपर्यंत गेला पाहिजे. खाली त्यांच्याच सहकाऱ्यांचे ‘+१’, म्हणजे ‘आमचंही हेच’. मग आणखी एक जण उगवला आणि त्यानं विचारलं, ‘अजून झालं नाही का?’ सगळे पगारी. सगळ्यांना कोड लिहिता येत होता. बग कोणत्या फंक्शनमध्ये आहे तेसुद्धा त्यांनीच शोधून लिहिलं होतं! म्हणजे दुरुस्तीला लागला असता त्याहून जास्त वेळ मला टोचण्यात गेला. पगार त्यांचा, डेडलाइन माझी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. लायसन्समध्ये ठळक अक्षरांत छापलेलं असतं की हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं मिळेल, कसलीही हमी नाही. ती ओळ वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. वकील सोडून.

असो. हे सगळं कुरकुरीचं वाटत असेल तर मी आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे वळतो. एक्सझेड. इथल्या निम्म्या लोकांना ती पाठ असेल, तरी ऐका, कारण माझ्या मते ती नेहमी शेवटाकडून सांगितली जाते.

एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारं. वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस ते फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१च्या उत्तरार्धात ‘जिया टॅन’ नावानं पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, यायला लागले. पॅच बरे होते. २०२२मध्ये मेलिंग लिस्टवर आणखी काही अनोळखी नावं दिसू लागली. त्यांचं पालुपद एकच: पॅच पडून राहतात, काम पुढे सरकत नाही, नवा मेंटेनर आणा. मेंटेनरनं उत्तर दिलं की बऱ्याच काळापासून मनाची तब्येत ठीक नाही, आणि हे बिनपैशाचं, हौसेचं काम आहे हेही लक्षात असू द्या. यावर प्रत्युत्तर काय यावं? तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण माणसानं आपल्या मर्यादा ओळखाव्यात, प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती द्यावा. सहानुभूतीची एक ओळ आणि लगेच टाच.

पुढे जिया टॅनला अधिकार मिळाले. रिलीज काढण्याचेसुद्धा. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत मागचं दार होतं, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये ते दडवलेलं. ते जागं करणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात; गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड नोंदवहीत, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशी. निशाणा होता एसएसएच, म्हणजे सर्व्हरचा मुख्य दरवाजा. कारागिरी म्हणून पाहिलं तर, छे, कौतुक नको करायला. पण हात कसलेला होता.

सापडलं कसं ते तुम्हाला माहीत आहे. आन्द्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे. भलत्याच कामाची मोजमापं घेत असताना त्यांना दिसलं की एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंदावलंय आणि प्रोसेसर उगाच राबतोय. त्यांनी पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ला जगाला कळवलं. तोवर हा कोड डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या वाणांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता. स्थिर आवृत्त्या वाचल्या. अर्धा सेकंद! माझं लॉगिन अर्धा मिनिट लांबलं तरी मी खिडकीबाहेर बघत बसतो.

लोक ही गोष्ट फ्रॉइंड यांच्या त्या अर्ध्या सेकंदासाठी सांगतात, आणि ती सांगावी अशीच आहे. पण मी अडकतो २०२२पाशी. ती तगादा लावणारी नावं काम झाल्यावर गायब झाली. ती त्याच कटातली बनावट खाती असावीत असा दाट संशय आहे. आता ते संदेश काढून वाचा. तुम्हाला त्यात काहीही वावगं वाटणार नाही, आणि माझं सगळं भाषण या एका वाक्यासाठी आहे. हल्लेखोराला वेषांतरासाठी काही खास शिकावं लागलं नाही. त्यानं आपल्या बोलण्याची नक्कल केली. ‘अजून झालं नाही का?’ हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की एका थकलेल्या माणसाला ठरवून कोंडीत पकडलं जात असतानासुद्धा ते रोजच्यासारखंच दिसलं. जिथे कुणी मेंटेनरशी असं बोलत नाही, तिथे ही खाती पहिल्याच दिवशी उठून दिसली असती. म्हणून मी म्हणतो की आपापसातलं वागणं ही सुरक्षेची बाब आहे, आणि ती फायरवॉलच्या यादीत लिहायला हवी. तुम्हाला हे ताणलेलं वाटत असेल. वाटू दे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, तो आत्ताच निकालात काढतो: गोड बोलून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिला जात नाही, दर्जा हवा तर शब्द कडकच हवेत. ठीक. ज्यांच्या नावानं हा आक्षेप घेतला जातो त्या लिनक्सच्या जनकानं, लिनस टोरवाल्ड्स यांनीच, सप्टेंबर २०१८मध्ये आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि ते काही आठवडे बाजूला झाले. त्याच सुमारास कर्नलनं नवी आचारसंहिता घेतली. कर्नलची ४.१९ ही आवृत्ती त्यांच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली. टोरवाल्ड्स परत आले, नंतरही पॅच नाकारत राहिले, आणि कर्नल काही कोसळला नाही. पॅच वाईट आहे हे सांगायला पॅच पाठवणाऱ्याची अक्कल काढावी लागते असं मानणाऱ्यांनी

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, मग समुदाय कसे घडवावेत ते आता सात मिनिटांत घडवू.

गोड बोलणं आणि भलं वागणं यांत गल्लत करू नका, हे पहिलं. जिया टॅनचं बोलणं सौजन्याचंच होतं. तेव्हा स्वागताच्या पाट्या रंगवण्यात वेळ घालवू नका. तगादा सुरू झाल्यावर तिसऱ्या माणसानं मध्ये पडून ‘पुरे’ म्हणणं जास्त कामाचं. ते मेंटेनरनं स्वतः म्हटलं की भांडण होतं, दुसऱ्यानं म्हटलं की रीत पडते. त्यासाठी कमिटचे, म्हणजे कोड बदलण्याचे, अधिकार लागत नाहीत, उद्यापासून करता येईल.

दुसरं, नकार. नव्या माणसाचा पॅच महिनोन्महिने लटकत ठेवणं हा नकारापेक्षा मोठा अपमान आहे. नाही म्हणा, लवकर म्हणा, कारण द्या. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत कोडमधल्या बदलावर व्हेटो घालता येतो, पण तांत्रिक कारण दिलं नाही तर तो व्हेटोच धरत नाहीत. हा नियम उचला. आचारसंहिता कुठूनही उचला, पण तक्रार कुणाकडे करायची ते खाली नावानिशी लिहा, आणि ती नावं एकाहून जास्त असू द्या, कारण कधीकधी तक्रार त्यातल्याच एकाविरुद्ध असते.

तिसरं, एका माणसावर सगळं टेकवू नका. खीदो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८मध्ये आपणच घडवलेल्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेची सूत्रं सोडली. एका छोट्या चिन्हावरून, पीईपी ५७२ या बदलाच्या प्रस्तावावरून, इतकी डोकेफोड झाली होती की निर्णय त्यांच्या बाजूनं लागूनही ते कंटाळले. त्यांनी वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. लोकांनी मतदान करून पाच जणांचं मंडळ आणलं, आणि त्यात एकाच मालकाचे दोनपेक्षा जास्त नोकर नकोत असा नियम घातला. ही दुसरी अट मला फार आवडते, तिच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. बोलवा.

पैसे. २०१४मध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड उघडकीला आलं तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्याच्या भरवशावर होतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. पैशानं स्वभाव सुधारत नाहीत, पण पोट भरलेल्या मेंटेनरला सुट्टी घेता येते.

आणि सोडून देणं. गिटहबवर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोड, आर्काइव्ह करायची, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवायची, सोय आहे. ज्याला झेपत नाही त्यानं ती वापरावी, कारणं देत बसू नये. ज्याला हवं असेल तो फोर्क करेल, म्हणजे प्रत काढून पुढे चालवेल. अनोळखी माणूस फार घाई करतोय म्हणून किल्ल्या देऊन टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अध्यक्षांनी घड्याळ दाखवायला सुरुवात केलीय, प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. पैशांच्या मुद्द्यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी बाहेर जिन्यापाशी या, मी तिथे उभा आहे.