सी प्रोग्राममधले डिक्रिप्शन कधी चालते, कधी का चालत नाही?

नमस्कार. आज इंदूरहून अशा एका चुकीविषयी बोलणार आहे, जिच्या शोधात आपण गणित तपासत बसतो आणि दोष मात्र लांबीच्या मोजणीत असतो. रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाचीने ओपनएसएसएल ही कूटलेखनाची तयार लायब्ररी वापरून सी भाषेत आरएसएचा, म्हणजे किल्ल्यांच्या जोडीने संदेश गुप्त करून उलगडण्याच्या पद्धतीचा, प्रोग्राम लिहिला. 'शनिवारी रात्री सराफ्यात भेटू' हा एकच संदेश कधी नीट उलगडत (डिक्रिप्ट होत) असे, कधी नाही. किल्ल्यांची जोडी तीच आणि कोडही तेच.

2048 बिटांच्या किल्लीने तयार झालेला कूटमजकूर, म्हणजे संदेशाचे गुप्त रूप, नेहमी 256 बाइटांचा असतो, आणि त्यात शून्य बाइटही येऊ शकतो. भाचीने त्याची लांबी स्ट्रलेन या सीच्या फंक्शनने मोजली होती, आणि शून्य बाइट म्हणजे मजकुराचा शेवट असे धरून स्ट्रलेन पहिल्या शून्यापाशीच थांबते. ओएईपी पॅडिंग, म्हणजे एन्क्रिप्शनआधी संदेशात घातली जाणारी भर, दर वेळी नवे यादृच्छिक बाइट मिसळत असल्यामुळे त्याच संदेशाचा कूटमजकूर दर वेळी वेगळा निघतो, आणि त्यात एक तरी शून्य असण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते. शून्य नसेल, तर स्ट्रलेन बफरच्या, म्हणजे कूटमजकूर ठेवलेल्या मेमरीच्या, पलीकडे वाचत जाते आणि लगेच पुढे योगायोगाने शून्य असले तरच लांबी बरोबर येते. म्हणजे जेव्हा प्रोग्राम चालला, तेव्हाही तो बरोबर नव्हता. एन्क्रिप्शनच्या फंक्शनने परत दिलेली लांबी जपून ठेवा आणि डिक्रिप्शनला तीच द्या. फाइल बायनरी मोडमध्ये उघडून एफराइट या सीच्या फंक्शननेच लिहा. उलगडलेल्या मजकुराच्या शेवटी शून्य आपोआप येत नाही. छापण्याआधी ते स्वतः ठेवावे लागते.

पॅडिंग दोन्हीकडे एकच हवे. जुने पीकेसीएस-1 पॅडिंग असेल, तर ओपनएसएसएल 3.2 पासून चुकीच्या पॅडिंगवर त्रुटी येत नाही, यादृच्छिक बाइट हाती येतात. हल्लेखोराला सुगावा लागू नये म्हणून हे मुद्दाम केलेले आहे.

मराठीत संदेश लिहिणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवायला हवा. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. वरच्या संदेशात जागा धरून 28 चिन्हे आहेत, पण बाइट 78. या किल्लीत ओएईपी आणि त्यासोबत शा-1 हे हॅश फंक्शन घेतल्यास 214 बाइटच मावतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम 71 चिन्हे. त्याहून मोठ्या संदेशाचे तुकडे करू नका. संदेश एईएसने, म्हणजे दोन्हीकडे एकच किल्ली वापरणाऱ्या पद्धतीने, कूटबद्ध करा आणि त्याची 32 बाइटांची किल्ली तेवढी आरएसएने पाठवा.