चांदणीचा डावा पाय

श्रोतेहो, नमस्कार.

घोड्याच्या पुढच्या पायावरून गुडघ्यापासून खाली हात फिरवून पाहा. हाताला लागेल ते हाड, कातडी आणि मागच्या अंगाला ताणलेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. मांस तिथं जवळजवळ नाहीच. पाय हलवणारे स्नायू वर, गुडघ्याच्या वरच्या भागात असतात आणि या कंडरांच्या जोरावर ते खालचा पाय ओढतात. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव पळताना तर एक क्षण असा येतो की सगळं अंग एकाच पुढच्या पायावर तोललेलं असतं. कंडरेला रक्ताचा पुरवठा मुळातच कमी, म्हणून ती तुटली की लवकर भरून येत नाही. आमच्याकडे म्हणतात, घोड्याची शीर धरली. आणि शीर धरलेला घोडा बहुतेक वेळा विकला जातो.

माझ्या चांदणीची डाव्या पायाची शीर धरली आणि ती आज माझ्याजवळच आहे. ती कशामुळे बरी झाली, ते मी आज सांगणार आहे. औषधं लागली, सोनोग्राफी लागली, पण खरी कामाला आली ती तिला आधी लावलेली शिस्त. घोड्याला शिकवायचं ते पाठीवर बसण्यासाठी, असं आपण समजतो. मी आता म्हणते, ते त्याच्या आजारपणासाठी शिकवायचं असतं.

आमची नारळ-सुपारीची वाडी अलिबागजवळ नागावला, पुळणीला, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूला लागूनच. दसरा-दिवाळीनंतर, भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतात, शेताला खत मिळतं, त्यांना भात किंवा पैसे मिळतात, आणि पावसाच्या आधी ते परत घाट चढतात. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी लहान पोरंसुद्धा. ही भीमथडीची घोडी. भीमेच्या खोऱ्यात तयार झालेली, उंचीला कमी, खुराला टणक, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. मराठ्यांच्या घोडदळात यांचं नाव होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच या जातीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि ती फार आधी व्हायला हवी होती.

चांदणी धनगरांच्या अशाच एका वाड्यातली, म्हणजे तळावरची. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून चांदणी. दोन वर्षांचं शिंगरू असतानाच ती कुणाला ओझं लादू देईना. मेंढरांतून उधळायची, दोर तोडायची. म्हणून त्यांनी ती मला दिली. देताना म्हातारे बाबा एवढंच म्हणाले, “ताई, ही दोरानं न्हाई चालायची, आवाजानं चालंल.”

गावात वेगळा सल्ला मिळाला. चंदी, म्हणजे दाणा, तोडा, उन्हात पळवा, रग जिरवा, मग बघा कशी वठणीवर येते. हे बोलणाऱ्यांनी घोडी पाळलेली होती, पर्यटकांच्या गाड्यांना जुंपलेली होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या घोड्याची रग जिरवली, तो माणसाचं ऐकतो असं नाही, तो नुसता गप्प होतो. गप्प घोड्याला कुठं दुखतंय ते कळत नाही. चांदणी गप्प नव्हती. कान मागे पाडले की समजायचं, पुरे. शेपटी आवळली की समजायचं, भ्यायली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं; दिसत नाही ते नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं. म्हणून त्याच्याकडे जायचं ते खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत.

पहिले कितीतरी महिने पाठीवर बसायचा विषयच काढला नाही. म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, घालायची, खरारा करायचा, आणि चार गोष्टी रोज. उभी राहा म्हटलं की उभं राहायचं. पाय दे म्हटलं की खूर उचलून माझ्या हातात ठेवायचा आणि मी खाली ठेवीपर्यंत ओढायचा नाही. मी जबड्याखाली बोटं लावली की मान हलवायची नाही. दोर सैल असला तरी माझ्या खांद्याच्या पुढे जायचं नाही. मागचा डावा पाय द्यायला ती सगळ्यांत जास्त नाराज होती. उचलायची आणि झटकायची. मी हात सोडायची नाही आणि ओरडायचीही नाही. झटका संपला, पाय एक क्षणभर सैल झाला, की लगेच मी स्वतः तो खाली ठेवायची. झटकून पाय सुटत नाही, सैल सोडला की सुटतो, हे तिच्या ध्यानात आलं, आणि एकदा आलं ते आलंच.

समुद्राची भीती निराळी. लाट येते, फुटते, मागे जाते, जमीनच सरकते असं तिला वाटत असावं. पहिल्यांदा फेस खुरांवर आला तेव्हा तिनं चारही पाय उचलून उडी मारली, नाकपुड्या फुगवून जोरात फुरफुरली आणि मग वळून त्या ओल्या वाळूचा वास घेत राहिली. मी काही केलं नाही. तिची चौकशी संपेपर्यंत थांबले. पुढे तीच मला ओढून पाण्याकडे न्यायला लागली. खोगीर चढलं, रिकिबीत पाय ठेवला, दुडकी चाल जमली, ओहोटीच्या टणक ओल्या वाळूवर ती धावायला लागली. तिच्या पाठीवर बसून तो वारा अंगावर घेणं हे सुख मी दुसऱ्या कशात पाहिलेलं नाही.

माघ महिन्यात ते घडलं. सुट्टीचा दिवस, पुळणीवर पर्यटकांची गर्दी. वाळूवर गाडी आणू नये असे फलक आहेत, तरी एक जीप मागून आली आणि अगदी जवळ येऊन चालकानं कर्णा दाबला. चांदणी टणक वाळूवरून उडाली ती थेट वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत. पुढचा पाय खोल रुतला आणि अंग पुढे गेलं. पडली नाही. चार पावलं टाकली आणि डावा पाय टेकवेना. जीप थांबलीसुद्धा नाही.

घरी आणून मी दोन्ही हातांनी दोन्ही पाय एकाच वेळी धरले. घोड्याच्या पायात काही बिघडलं की पहिली खूण म्हणजे ऊब, आणि ती दुसऱ्या पायाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. डावा पाय चटका बसेल इतका गरम होता. संध्याकाळपर्यंत गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची रेघ धनुष्यासारखी बाहेर आली.

पहिल्या दोन-तीन दिवसांत थंडावा हेच मोठं औषध. बर्फ कुठून आणायचा? कोळीवाड्यातून. मासळीसाठी फोडलेला बर्फ गोणीतून आणला, फडक्यात गुंडाळून पायाला लावला; एका वेळी 20 मिनिटं, मग थांबायचं, मग पुन्हा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. मासळीच्या वासानं ती फुरफुरायची, मान वर करायची, पण पाय हलवला नाही. “उभी राहा” म्हटलं की उभी. माझ्या भाच्यानं एकदा विचारलं, मावशी, हिला एवढं दुखतंय तरी ही उभी कशी राहते? मी म्हटलं, बाळा, हे तिला दुखत नव्हतं तेव्हाच शिकवलंय.

सूज उतरवणारं औषध डॉक्टरांनी दिलं. ते आपल्या मनानं कधीच देऊ नका. दुखणं दबलं की घोडा पाय पूर्ण टेकवतो आणि फाटलेलं आणखी फाटतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. मग मुंबईहून घोड्यांचे एक डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन आले. पडद्यावर कंडरेचे तंतू पांढरे दिसत होते आणि मधोमध काळा डाग. तो काळा डाग म्हणजे फाटलेली जागा. ते म्हणाले, एक वर्ष धरून चाला. पाय बाहेरून लवकर चांगला दिसेल, सूज जाईल, लंगडणं जाईल, आणि तेव्हाच खरा धोका आहे.

ते अक्षरशः खरं ठरलं. सहा-सात आठवड्यांत चांदणी पाय सरळ टाकायला लागली, आणि तिच्या अंगातली ताकद कुठं जाणार? तबेल्यात गोल फिरायची, दारावर खूर आपटायची, बाहेर घोडागाडी गेली की खिंकाळायची. अशा घोडीला कोंडून ठेवणं हे मला तिच्या दुखापतीहून जड गेलं. चंदी जवळजवळ बंद केली, कारण काम नसताना हरभरा दिला तर अंगात आग होते आणि पोट बिघडतं. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी, म्हणून वरकस जमिनीवरचं वाळलेलं गवत, तेही थोडं थोडं, दिवसभर पुरेल असं. जमिनीवर टाकायचं नाही, टबात द्यायचं, नाहीतर गवताबरोबर वाळू पोटात जाते. शेजारच्या खणात एक शेळी बांधली. घोडा हा कळपाचा प्राणी, एकटा कोंडला की वेडापिसा होतो. शेळी रवंथ करत बसली की चांदणीची मान खाली यायची.

एका रात्री ती पोटाकडे वळून वळून बघायला लागली. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. कुशीला कान लावला, आतड्यांची गुडगुड फार मंद. जबड्याखालच्या धमनीवर बोटं ठेवून नाडी मोजली. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. तिचे थोडे वर होते. डॉक्टरांना फोनवर आकडा सांगता आला, त्यामुळे त्यांना नेमकं कळलं आणि त्यांनी काय करायचं ते सांगितलं. पहाटे तिनं लीद टाकली. नाडी मोजताना तिनं मान स्थिर ठेवली होती.

मग चालवणं. कंडरा नुसत्या विश्रांतीनं भरते, पण नवे तंतू वेडेवाकडे येतात. हळूहळू, मोजून ताण दिला तर ते सरळ रेषेत बसतात. म्हणून हातात धरून, टणक जमिनीवर, सरळ रेषेत, सुरुवातीला दहा मिनिटं, मग आठवड्याला थोडं वाढवत. इथं आमचा समुद्र उपयोगी पडला. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी, आणि तीही लांबवर गेलेली. चैत्र-वैशाखात अशा सकाळी मी तिला टणक वाळूवर चालवायची आणि शेवटी गुडघाभर पाण्यात उभी करायची. थंड पाणी, त्याचा पायावरचा दाब, दोन्ही चांगले. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं पाय धुवायचे, नाहीतर मिठानं कातडी फुटते.

या चालण्यात खरी कसोटी होती. कित्येक आठवडे उधळू न दिलेली तापट घोडी, समोर मोकळी पुळण, आणि माझ्या हातात सैल दोर. एक उडी मारली असती तर सगळं गेलं असतं. ती थरथरायची, मान कमानीसारखी करायची, पण माझ्या खांद्याच्या पुढे गेली नाही. आवाजानं चालली.

पावसाळ्यात समुद्र बंद. तबेल्याची जमीन जांभ्याचे चिरे घालून उंच केली, खूर रोज कोरून कोरडे केले, कारण ओलीत राहिलं की खुराचा तळ सडतो. गोमाश्यांसाठी संध्याकाळी धूर. त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्ताचा रोग घोड्याला होतो. चालणं वाडीतल्या वाटेवर चालू ठेवलं. गणपतीनंतरच्या सोनोग्राफीत काळा डाग भरलेला दिसला. कार्तिकात दुडकी चाल, आधी हातात धरून, मग मी पाठीवर बसून.

आता ती दुडकी चालीनं शेजारच्या आक्षी गावापर्यंत जाऊन येते. डावी कंडरा उजवीपेक्षा जाड आहे आणि तशीच राहणार. शर्यतीला तिला मी कधीच उतरवणार नाही, विचारायला माणसं येतात तरीही. रोज संध्याकाळी दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरून बघते. तुमच्याकडे घोडा असेल, मग तो गाडीचा असो की शर्यतीचा, तर एवढं तुम्हीही करा. ऊब एक दिवस आधी कळली तर महिने वाचतात. आणि पुळणीवर घोडा दिसला तर गाडी लांब थांबवा, कर्णा वाजवू नका.

डॉक्टरांनी तिला गाभण राहायला हरकत नाही असं सांगितलंय. घोडी अकरा महिने गाभण असते, शेवटी पायावर भार वाढतो, तेव्हा पट्टी आणि विश्रांती सांभाळावी लागेल. बारामतीकडच्या धनगरांकडे मी चांगल्या भीमथडी घोड्याची चौकशी चालवली आहे. शिंगरू आईसारखं तापट निघालं तर मला तेच हवंय.

नमस्कार.