एकशे अठ्ठ्याऐंशीचा कागद

[मोबाइल क्लिप, 2020. चौक, बॅरिकेड, दुचाकी]

"कथा जाई ऱ्हायना रे?"

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये पोलिसाने अहिराणीत एवढंच विचारलं, कुठे चाललास रे, आणि उत्तर ऐकायच्या आत काठी पडली. पोरगा औषधाची पिशवी वर करून दाखवतोय, पण ऐकतंय कोण. ही क्लिप आमच्याकडे फॉरवर्ड होऊन आली, गाव मुद्दाम सांगत नाही, कारण तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, चौकाचौकात हेच चालू होतं. आणि खरं सांगायचं तर लोक अशा क्लिपा बघून हसत होते, "बरं झालं, घरात बसत नाहीत म्हणजे काय" असं म्हणत पुढे ढकलत होते.

आता शांतपणे विचारू, ही काठी कुठल्या कलमात बसते?

कुठल्याच नाही. उठाबशा नाहीत, भर रस्त्यात कोंबडा करणं नाही, गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणं तर नाहीच नाही. मग कायद्यात होतं काय?

[जुन्या कायद्याचं पान, कॅमेरा सावकाश खाली]

हा साथरोग कायदा, 1897 चा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला, इंग्रज सरकार हादरलं आणि फेब्रुवारीत घाईघाईत हा कायदा पास केला, मूळची कलमं फक्त चार. पुण्यात त्याच साथीत सोल्जर लोकांच्या घरात, देवघरापर्यंत घुसले, आणि 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे सगळं शाळेत झालंय आपलं. तेव्हा खान्देश अख्खा एकच जिल्हा होता. 1906 ला त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघाला, इंग्रज तर कधीच गेले, कायदा मात्र जागचा हलला नाही.

दुसरं कलम म्हणतं, नेहमीचे कायदे पुरेसे नाहीत असं सरकारला वाटलं तर सरकार तात्पुरते नियम काढू शकतं. धोकादायक साथ कशाला म्हणायचं याची व्याख्याच नाही. तिसरं कलम, नियम मोडला की भारतीय दंड संहितेचं 188, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याचा गुन्हा. आणि चौथं माझं आवडतं, सद्हेतूने काम करणाऱ्यावर केस करता येणार नाही. म्हणजे अधिकाऱ्याचा हेतू चांगला धरून चालायचं, आणि औषधाच्या पिशवीवाल्याचा वाईट.

मार्च 2020 मध्ये राज्याने हा कायदा बाहेर काढला आणि 14 मार्चला नियम आले. दहा दिवसांनी केंद्राने देशभर लॉकडाऊन लावला तो वेगळ्याच कायद्याखाली, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, कारण सार्वजनिक आरोग्य हा विषय घटनेत राज्याकडे आहे. त्यावर कलेक्टर साहेबांचे आदेश, 144 ची जमावबंदी, मग नगरपालिकेने ठरवलेल्या दुकानांच्या वेळा. सकाळी उघडायचं दुकान दुपारी गुन्हा व्हायचं आणि दुकानदाराला ते व्हॉट्सअ‍ॅपवरून कळायचं.

[हातगाडी, मग हातातला कागद. चेहरा ब्लर]

हे दादा चोपड्याकडचे. भाजी विकतात, म्हणजे अत्यावश्यक सेवा, तरी गुन्हा दाखल, कारण ठरलेल्या वेळेनंतर गाडी रस्त्यावर होती. कागद बघा, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवलाय, घड्यांवर फाटलाय, आडनावात चूक आहे आणि त्यावर कोणीतरी बॉलपेनने परत गिरवलंय. 188 चा आकडा तेवढा ठळक.

आता इथे गंमत आहे. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 195 कलम सांगतं की 188 च्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची तर ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने, किंवा त्याच्या वरच्याने, स्वतः कोर्टात लेखी तक्रार द्यायला पाहिजे. नुसता एफआयआर आणि चार्जशीट चालत नाही. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ही अट पाळावीच लागते. म्हणजे हजारोंनी एफआयआर फाडले, पण त्यातल्या किती फाइलीत ती तक्रार जोडली असेल, तुम्हीच अंदाज करा. दादांना हे कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकलं.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी आहे. हे सगळे गुन्हे रद्द करा म्हणून एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, मे 2020 मध्ये कोर्टाने दाद दिली नाही. साथ चढत होती, दवाखान्यांत जागा नव्हती, बंदोबस्तातले पोलीस स्वतः पॉझिटिव्ह येत होते, काही परत आलेच नाहीत. निर्बंध नकोच होते असं आम्ही म्हणत नाही, निर्बंध कायद्याच्या पायावर नीट उभे करा एवढंच म्हणतोय.

[मुंबई-आग्रा महामार्ग, शिरपूरजवळ, मे 2020]

हे शॉट आमचेच. मुंबई-नाशिककडून गावाकडे निघालेली माणसं, धुळे गेलं, शिरपूर गेलं, पुढे सेंधव्याची बॉर्डर. आदेशाप्रमाणे यातला प्रत्येक जण गुन्हेगार. इथे आम्ही काही बोलत नाही, बघा.

[आवाज फक्त रस्त्याचा. मग भुसावळ स्टेशन]

1 मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या, पण बसायचं कसं? आधी पोलीस ठाण्यात किंवा तहसीलला फॉर्म, मग फिट असल्याचा डॉक्टरचा दाखला, त्यासाठी दवाखान्यासमोर रांग, मग यादी, मग ज्या राज्यात जायचं त्या राज्याची परवानगी, आणि मग फोन येईल तेव्हा स्टेशन. ज्यांचा फोन आला नाही ते चालत निघाले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने जालन्याहून रुळांच्या कडेने निघालेले 16 मजूर 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली गेले.

[हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ, बाहेरून]

आपले तिन्ही जिल्हे याच खंडपीठाखाली येतात. ऑगस्ट 2020 मध्ये इथेच तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द झाले, त्यांना बळीचा बकरा केल्यासारखं दिसतंय असं कोर्टाने लिहिलं. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईला हायकोर्टाने, दोन डोस नसलेल्यांना लोकलबंदी करणारे 2021 चे आदेश ठरलेली प्रक्रिया न पाळता काढलेत म्हणून सरकारला चांगलंच सुनावलं. बघा ना, लस बरोबर का चूक हा मुद्दाच नव्हता, सही करायच्या आधी कमिटीत चर्चा झाली का, हा होता. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, लस जबरदस्तीने देता येणार नाही, पण समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील.

[परत कागद]

कागदाचं काय झालं? 2022 मध्ये राज्य सरकारने 188 चे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. तोपर्यंत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले अडकले, कोणाचा पासपोर्ट अडकला, असो.

जाहीर झालं म्हणजे केस आपोआप संपते असंही नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने हो म्हणावं लागतं. तेव्हा तुमच्या घरात असा कागद असेल तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नाव टाकून बघा, केस पेंडिंग दिसली तर तारखेला जाऊन वकिलामार्फत ही 195 ची अट दाखवा. आणि पुढच्या वेळी आकडा शोधताना गोंधळू नका, जुलै 2024 पासून 188 गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं 223 आहे. आधी साधा दंड 200 रुपयांपर्यंत होता, आता 2500 पर्यंत. लेखी तक्रारीची अट नव्या प्रक्रिया संहितेत 215 नंबरला आहे, तेवढा नंबर लिहून ठेवा. 1897 चा कायदा मुळातून तपासा असं विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या अहवालात सांगितलंय.