संत्र्याची बाग आणि खारी जमीन

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. यंदा संत्र्याची नवी लागवड करणार असाल, तर आधी जमिनीतल्या खाराचं बोलू.

पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या त्या भागात, विहिरीचं पाणी चाखलं की माणूस संत्र्याचा नाद सोडतो. फसगत होते ती पट्ट्याच्या कडेला. काळी जमीन, कपाशी झकास, मग संत्रा का नाही? कारण कपाशी खार पचवते. मातीच्या अर्काची क्षारता मीटरला ७.७ डेसीसायमन (हे खार मोजायचं एकक) होईपर्यंत तिचं उत्पन्न घटत नाही. संत्र्याचं १.७ च्या पुढे घटायला लागतं.

पान हातात घेऊन बघा. जुन्या पानाचं टोक पिवळं पडतं, मग तपकिरी होऊन वाळतं, करपा कडेनं देठाकडे सरकतो आणि पान गळतं. ओल असूनही झाड मलूल, कारण खाऱ्या मातीतलं पाणी मुळांना ओढवत नाही. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून त्याच खाऱ्या बोअरचं पाणी आणखी सोडतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. एप्रिल-मेमध्ये हे फार वाढतं, नेमकी आंबियाची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या बहराची, फळं लहान असताना.

सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, मुळ्या सडतात. त्यावर जिप्सम आहे, पण मातीतून सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचऱ्याचे चर हवेत. चर नसतील तर जिप्समचे पैसे वाया.

कलमं घेताना आपण उंची बघतो, खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय ते, कुणी विचारत नाही. विचारा. जंबेरीचा खुंट खाराला हळवा आहे. रंगपूर लाईमचा खुंट क्लोराईड, म्हणजे मिठातला पानं करपवणारा घटक, पानांपर्यंत फारसं चढू देत नाही. आणि म्युरेट ऑफ पोटॅश या खतात जवळपास निम्मं क्लोराईडच असतं, तेव्हा अशा जमिनीत महाग पडलं तरी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा.

लागवडीआधी तीन फूट खड्डा खणून प्रत्येक फुटाची माती वेगवेगळ्या पिशवीत भरा, चिठ्ठ्या लावा आणि तपासायला द्या. वरच्या चार बोटांच्या मातीवरून खालचं कळत नाही. बोअरचं पाणीही द्या, पण नमुना मे महिन्यातला घ्या. भर पावसाळ्यातलं पाणी बऱ्याचदा असतं त्याहून गोडं निघतं. नमस्कार.